डावीकडचं स्टेअरिंग

अहो,

प्रिय वगैरे लिहिणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कधी म्हटलं नाही, आता रागात कुठून म्हणू?

काल पितृपक्षातलं तुमचं श्राद्ध झालं. पंगत बसली होती, मी खीर वाढत होते. तुमचे थोरले भाऊ, आप्पा, जेवता जेवता म्हणाले, "नानाची वेळच भरली होती. त्याला कोण काय करणार?" सगळ्यांनी माना हलवल्या. आणि खिरीचं पातेलं हातात धरून मीही हलवली. आज सकाळपासून त्या हललेल्या मानेचा मला राग येतोय. भांडी घासून झाली, दुपार झाली, राग काही उतरेना, म्हणून लिहायला बसले.

तुमची वेळ भरली नव्हती. ड्रायव्हर जागेवर नव्हता. हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आणि ड्रायव्हरची वाट बघत का बसावं लागलं, तेही दोघांनाच माहीत आहे. ते आज सगळं बोलणार आहे. मधेच तोडायला तुम्ही नाही, तेवढं एक सोयीचं झालं.

आधी तुमच्या गाड्यांचं बोलते, कारण सुरुवात तिथूनच झाली.

धुळ्यातला आपला फोटो स्टुडिओ एवढासा. पण जत्रेत तंबू लावला, की लोक शोधत यायचे. "गाड्यावाले नाना कुठे बसलेत?" बाकीच्या फोटोवाल्यांच्या पडद्यावर ताजमहाल नाहीतर धबधबा. तुमच्याकडे जगभरच्या गाड्या! प्लायवूड कापून, वर ऑइल पेंट मारून केलेल्या, खऱ्याएवढ्या, आणि मागे बाकडं. नवरा-बायकोने त्या बाकड्यावर बसायचं, म्हणजे फोटोत दोघं मोटारीत बसलेली दिसायची. दारात उभी राहील अशी खरी मोटार तेव्हा गावात एखाद्याकडेच.

शेंगदाणेवाल्याकडे पुड्या बांधायला परदेशी मासिकांची रद्दी यायची. त्यात गाडीचं चित्र दिसलं, की तुम्ही शेंगदाणे त्याच्याच टोपलीत परत ओतायचात आणि तेवढा कागद घेऊन घरी यायचात. मी इकडे चटणीसाठी शेंगदाण्यांची वाट बघत बसलेली. कितीदा झालं असेल असं? तुम्हाला कधी लाज वाटली का?

त्या गाड्यांची नावं आपल्याला वाचता यायची नाहीत, म्हणून आपणच ठेवली. अमेरिकेची पंखवाली, आकाशी रंगाची, मागे माशासारखे दोन पर. इटलीची लाल, बसकी. तिचा लाल मनासारखा येईपर्यंत तुम्ही हातावर हात देत राहिलात आणि माझं अंगण कुंकवासारखं करून ठेवलंत. फ्रान्सची बेडकी, नाक खाली घालून बसलेली. जर्मनीची कासवी, पिवळी. आणि विलायतेची लांब नाकाची, गर्द हिरवी. सुंदर होत्या. रागावले तरी खोटं बोलणार नाही, फार सुंदर होत्या.

पंखवालीचे दिवे आठवतात का? मला लग्नात आलेली स्टीलची ताटं काढून घेतलीत आणि दिवे म्हणून ठोकलीत. त्यावर फैजपूरच्या माझ्या मामांचं नाव कोरलेलं होतं. अमेरिकेच्या गाडीच्या दिव्यावर फैजपूरचं नाव, आणि लोक ते वाचून विचारायचे, "ही कंपनी कोणती हो नाना?" मी महिनाभर तुमच्याशी बोलले नव्हते. तुमच्या ते ध्यानातही आलं नाही.

पण एका गोष्टीसाठी मी तुम्हाला मानत होते. गाडी जशी असेल तशीच काढायची, हा तुमचा हट्ट. भंगार बाजारातून खरी स्टेअरिंगं आणून तुम्ही नटांनी पक्की केलीत. आणि विलायतेची सोडली, तर चित्रातल्या सगळ्या गाड्यांची स्टेअरिंगं डावीकडे. फोटोत बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायची, हा आपल्याकडचा नेम. मग झालं काय? स्टेअरिंग आलं बायकोच्या हातात.

तुम्ही हे ठरवून केलं नव्हतं, मला माहीत आहे. पहिला फोटो धुऊन बाहेर आला तेव्हा तुम्ही स्वतःच चकित झालात. मी म्हटलं, "आता?" तुम्ही म्हणालात, "आता काय? गाडी तशी आहे. खोटी गाडी मी काढणार नाही." त्या दिवशी मला वाटलं होतं, आपला नवरा साधासुधा नाही.

आणि बायका कशा बसायच्या तिथे! एरवी फोटो म्हटलं की पदर ओढून, मांडीत हात गुंतवून, खाली बघत. त्याच बायका चाक हातात आलं की ताठ व्हायच्या. एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "ओ बहिन, जराशी फिराई देखू का?" मी म्हटलं, फिरवा. तिने असं वळवलं, की पुढे घाट आहे आणि मागे सगळं गाव बसलंय. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून तुम्हीसुद्धा हसलात. ती उठेचना. तिचा नवरा चहा पिऊन आला तरी ती बसलेलीच होती.

प्रत्येक नवी गाडी झाली, की फोकस बघायला पहिली मी बसायचे. तुम्ही म्हणायचात, "हात वर घे. आता जरा डावीकडे वळव." मी वळवायचे. लाकडाच्या फळीवर बसून मी अमेरिका, इटली, फ्रान्स सगळीकडे गाडी चालवली. तुमच्यासाठी तो फोकस होता. मला मात्र खरंच चालवावीशी वाटायला लागली होती, हे तुम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग शिंदखेड्याकडचा तो माणूस आला, फोटो मुठीत चुरगळून. "मनी सूनना हातमा गाडी दिनी तुनी, आन् मना पोऱ्याले बाजूले बठाडं? बठ्ठा गाव हासी ऱ्हायना!" मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, गाडी तशीच असते. मी कमरेला पदर खोचून तुमच्या शेजारी येऊन उभीसुद्धा राहिले. तुम्ही काय केलंत? त्याला चहा पाजलात. दुसरा फोटो विलायतेच्या गाडीत काढून दिलात. आणि तो गेल्यावर पाना घेऊन एकेक स्टेअरिंग काढलंत आणि उजवीकडे बसवलंत. नट माझ्या पदरात ठेवायला दिलेत. मी विचारलं, "आणि खोटी गाडी?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "धंदा आहे, शकू."

भांडायला हवं होतं मी तेव्हा. पदरातले नट नाल्यात टाकून द्यायला हवे होते. टाकले नाहीत. एकेक करून तुमच्या हातात देत राहिले. याचा राग माझ्यावरच आहे, तुमच्यावर ढकलत नाही.

मग जुनी मेटाडोर घेतली, सामान न्यायला. ती चालवायला गोकुळ ठेवला. आणि तेव्हा कळलं, की जगातल्या एवढ्या गाड्या काढणाऱ्या तुम्हाला खरी गाडी चालवण्याची भीती वाटते. एकदा पटांगणात बसलात, गाडीने गचका दिला, उतरलात, परत बसला नाहीत. मी हसले नव्हते. खरंच हसले नव्हते. माणसाला असते एखादी भीती.

पण मग मला का अडवलंत?

माझा भाऊ सुरेश फैजपूरहून आला होता. केळीचे ट्रक चालवून चालवून त्याचे हात पक्के झालेले. तुमच्यासमोरच म्हणाला, "अक्का, तुले येईन. चार दिवसांचं काम हाये. मी शिकवतो." मी चहाचे कप तिथेच ठेवले, म्हटलं, "चल, आत्ता." आणि तुम्ही म्हणालात, "काही गरज नाही. ड्रायव्हर आहे ना? लोक काय म्हणतील?" सुरेशने चहाचा कप उचलला. पाहुणा माणूस, बहिणीच्या घरात काय बोलणार?

लोक काय म्हणतील ते मी सांगते. बायको चालवतेय आणि नाना शेजारी बसलेत, असं म्हणतील. तुमच्याच तंबूतला फोटो. तोच फोटो तुम्ही धुळ्यापासून सारंगखेड्यापर्यंत विकलात. दुसऱ्यांच्या बायका चाकामागे बसलेल्या चालल्या, तुमची चालली नाही. मी आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही ताटावरून उठलात. मग मी विषय बंद केला.

आणि मग ती जत्रा. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याचं गाव. शेवटचा दिवस, दुपारची वेळ. पाळणेवाले आदल्या दिवशीच निघून गेले होते. उरलेली सगळी पुरुषमंडळी गावाच्या दुसऱ्या टोकाला कुस्त्या बघायला. गोकुळ तुम्हाला विचारूनच गेला होता, त्याला मी दोष देत नाही. आपण गाड्या मेटाडोरमध्ये भरल्या. शेवटी इटलीची लाल उचलताना तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि खाली बसलात.

चहावाल्या बाईने आणि मी मिळून तुम्हाला पुढच्या सीटवर बसवलं. घाम असा, की सदरा पिळावा. किल्ली गाडीलाच होती. मी पलीकडून चढले आणि चाकामागे बसले. खऱ्या गाडीच्या चाकामागे पहिल्यांदा. किल्ली फिरवली. गाडी एकदम पुढे उसळली आणि बंद पडली. तुमचं डोकं काचेवर आपटता आपटता राहिलं. परत फिरवली, परत तेच. खाली तीन पट्ट्या होत्या. कोणती कशाची, ते मला कुठे माहीत होतं? आणि तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "राहू दे. गोकुळ येईल."

हे तुमचं शेवटचं धड वाक्य. माझ्याशी, तुमच्या बायकोशी. गोकुळ येईल!

मी धावले. सगळ्या पुरुषांमधून वाट काढत आखाड्यापाशी गेले. तिथे बाई माणूस पाऊल टाकत नाही. पंचांच्या हातातला माइक ओढून घेतला आणि ओरडले, "गोकुळ, गाडीकडे ये, नानांना बरं नाही." कुस्ती थांबली. पहिलवान माझ्याकडे बघत उभे राहिले. गोकुळ आखाड्याच्या पलीकडच्या बाजूला होता, त्या गर्दीतून निघून, पळत गाडीपर्यंत येईस्तोवर जो वेळ गेला तो मी मोजला नाही. तुम्ही मात्र मनगटावरचं घड्याळ बघत बसला असाल, चहावाली शेजारी असली तरी एकटेच.

पिंपळनेरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, "आधी आणलं असतं तर?" ते म्हणाले, "बाई, तसं सांगता येत नाही." चांगला माणूस होता. माझ्याकडे न बघता सांगितलं त्यांनी.

आप्पा म्हणतात, मेटाडोर विकून टाकू, बाईमाणसाला काय उपयोग? त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मी शिकले. चैत्रात माहेरी गेले ती शिकूनच आले. सुरेशने केळी भरायच्या मोकळ्या जागेत शिकवलं. पहिल्या दिवशी कुंपण पाडलं, चौथ्या दिवशी यावलपर्यंत जाऊन आले. चारच दिवस लागले हो! क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर. त्या तीन पट्ट्यांची नावं मला चार दिवसांत पाठ झाली, आणि चौथ्या दिवशी गाडी कडेला लावून मी इतकी रडले, की सुरेश घाबरून पाणी आणायला गेला.

आपल्या गाडीत चालवणारा उजवीकडे बसतो. म्हणजे माझ्या डाव्या हाताला तुमची जागा. बायकोची जागा. बसला असता का तिथे? मी रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं. कधी वाटतं, तोंड फिरवून बसला असता. कधी वाटतं, पहिलं वळण घेईपर्यंत फुगला असता आणि मग म्हणाला असता, "हात वर घे. आता जरा डावीकडे वळव." असं वाटलं की राग जातो, म्हणून मी ते फार वेळ वाटू देत नाही.

पाचही गाड्या पुसून ठेवल्या आहेत. या खेपेला त्या जत्रेला तंबू आपलाच लागेल आणि मेटाडोर मी नेईन. आणि एक वचन देते, ऐका. जत्रा संपली, की त्याच मैदानातून, त्याच जागेवरून मी गाडी काढीन आणि पिंपळनेरच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेईन. तुमचं घड्याळ मनगटावर बांधून. किती मिनिटं लागतात ते मला बघायचं आहे. मग तुमच्यावर किती रागवायचं, ते ठरवीन.

तुमचीच, अजूनही,
शकुंतला