भिंतीपलीकडची किल्ली

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे! वसाहत अगदी पट्टीने आखल्यासारखी आहे. एकाच रंगाची जोडघरं, मधली भिंत सामाईक, फाटकं सारखी, पायऱ्यासुद्धा सारख्या. भाजी घेऊन परतताना मी चक्क भलत्याच दाराला किल्ली लावत होते. आतल्या आजोबांनी दार उघडलं आणि रोजचंच असल्यासारखं बोटाने आमचं घर दाखवलं. हे पोट धरून हसले. गेल्या वर्षी आमची चिमी तापाने गेली, त्यानंतर पहिल्यांदाच. सहा वर्षांची होती. जुन्या घरात यांना श्वास घेववत नव्हता. इथे तिचं काहीच नाही, तेच बरं.

७ ऑक्टोबर
सगळं छान कसं असेल? भिंतीपलीकडचं घर ओसाड पडलंय. गवत कमरेएवढं, काचा फुटलेल्या, मालकाचा कोणालाच पत्ता नाही. त्यात भर म्हणजे बंद घरात भर दुपारी चेंडू आपटल्याचा आवाज! तरातरा जाऊन वसाहतीच्या सेक्रेटरींना फैलावर घेतलं. ते थंडपणे म्हणाले की, बंद घर सामाईक भिंतीवाल्यानेच सांभाळायचं, असा इथला नियम आहे. किल्ली माझ्या हातात ठेवली. मी ती यांच्या हातात ठेवली. खुर्चीत बसून माणूस गंजतो. तेवढेच हातपाय हलतील.

१२ ऑक्टोबर
हे सकाळी विळा घेऊन जातात ते जेवायलाच उगवतात. तेही शीळ घालत! गवत मात्र होतं तेवढंच आहे. काय कापतात कोण जाणे.
आज यांचा शर्ट धुवायला घेतला तर डावा खांदा ओलसर. चिमी खांद्यावर झोपली की लाळेने व्हायचा तसा. घाम असेल म्हटलं. नाकाशी धरला. घाम नव्हता.
शर्ट धुतला नाही. उशीखाली ठेवलाय.

१५ ऑक्टोबर
शेवटी विचारलंच. हे शांतपणे म्हणाले, ती तिकडे आहे. माझा हात धरून घेऊन गेले. खोल्या आमच्यासारख्याच, फक्त उलट्या बाजूला. जळमटं, धूळ. धुळीत पावलं फक्त यांची. हे खाली बसले आणि कोणाच्या तरी वेण्या घालू लागले. हवेत. रिबिनीची गाठसुद्धा मारली.
मला काही दिसलं नाही. भीती वाटली, पण त्याहून जास्त यांचा हेवा वाटला. मी आई ना तिची? मग मला का नाही?

१९ ऑक्टोबर
आज ताट वाढलं तर यांनी माझे आभार मानले. बारा वर्षांच्या संसारात कधी मानले नव्हते. पाहुण्यासारखे अवघडून बसले होते. दोन घास खाऊन उठले.

२१ ऑक्टोबर
किल्ली लपवली. हे भिंतीला कान लावून बसले आणि हमसून हमसून रडले. ती एकटी आहे म्हणाले, घाबरते म्हणाले. मला बघवेना. दिली किल्ली. मीच दिली.

२३ ऑक्टोबर
आले नाहीत. दार आतून बंद. सेक्रेटरींनी सुताराकडून तोडून घेतलं. खोली न् खोली पाहिली — कोणी नाही. विळा तेवढा दाराशी. सगळे म्हणतात, दुःखात माणूस निघून जातो, येतील परत. घर धोक्याचं म्हणून दार विटांनी बुजवणार आहेत. मी पाया पडले त्यांच्या. हे आत आहेत, म्हटलं. सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत —

२४ ऑक्टोबर
शेवटची वीट बसली. आणि पलीकडे चेंडू आपटला. यांचं हसू — मग तिचं. तिचंच! आता मला ऐकू येतंय. आता —

२५ ऑक्टोबर
हाका मारून घसा बसलाय. हे तिला घास भरवतायत. एक चिऊचा, एक काऊचा —
रडू आवरलं नाही. भिंतीवर डोकं आपटलं. पलीकडे सगळं शांत. मग तिने हळूच विचारलं, बाबा, कोण रडतंय?
हे म्हणाले, शेजारची बाई आहे. तू लक्ष नको देऊस.
नाही — चिमे, अगं मी — विचार ना त्यांना — मी तुझी —