ड्युटीनंतरचा अर्धा तास

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! नर्सिंगची दोन वर्षं पुस्तकांत गेली, आता खरा वॉर्ड. होस्टेलची खोली दोघींची. खिडकीतून इस्पितळाचं धोबीघर दिसतं. खोलीतली दुसरी मुलगी एवढीशी आहे, सगळ्या तिला चिमणीच म्हणतात. मी ट्रंक उघडायच्या आत तिनं अर्धं कपाट रिकामं करून दिलं. बाबांनी निघताना बजावलं होतं, रक्त बघून चक्कर आली तर भिंतीवर पड, डॉक्टरांवर पडू नकोस. ते ऐकून चिमणी खदखदून हसली, आणि मध्येच कुशीवर हात दाबून गप्प झाली. उसण भरली असेल.

५ तारीख
सर्जरीचा वॉर्ड, तीस खाटा. चादरी बदल, ताप घे, ब्लडप्रेशर लिही, पायांचे तुकडे पडले. त्यात माझ्या हातून ड्रेसिंगचा ट्रे पडला. इनचार्ज सिस्टरांनी सगळ्या पेशंटांदेखत माझी बिनपाण्यानं केली. बाथरूममध्ये रडत होते तर शेवटच्या वर्षाची मुलगी आली; तिला सगळ्या ताई म्हणतात. तिनं स्वतःच्या रुमालानं माझे डोळे पुसले. म्हणाली, असं आत कोंडून ठेवलंस तर महिन्याभरात वेड लागेल. आमच्याकडे यावर औषध आहे. उद्या ड्युटी सुटली की कपड्यांच्या खोलीत ये.

६ तारीख
दुपारी दोन वाजता. चादरींचे ढीग, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही. आम्ही सहाजणी. भांड्यातून एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बाकीच्यांनी ओल्या टॉवेलच्या पिळ्यानं पाठीवर मारायचं. टॉवेलात साबणाची वडी बांधलेली असते. मारताना ज्याचा राग आलाय त्याचं नाव घ्यायचं. चिमणीचं नाव निघालं.
मी नको म्हटलं. ताई शांतपणे म्हणाली, मग तू उभी राहा.
मी मारलं. हलकंच. इनचार्ज सिस्टरांचं नाव घेतलं. मग पुन्हा मारलं, ते हलकं नव्हतं.
लाज वाटते लिहायला. पण आज पोटभर जेवले.

१० तारीख
सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले. मला पोरी म्हणायचे. मी छाती दाबत होते, त्यांच्या बरगड्या हाताखाली कडकड मोडल्या. त्यांच्या मुलीनं मला थोबाडीत मारली, म्हणाली, तूच मारलंस.
दोनला मी सगळ्यांच्या आधी खोलीत होते. पुन्हा चिमणीच. किती वेळा मारलं आठवत नाही. तिचं तोंड भिंतीवर आपटलं, दात पडला. तिनं तो उचलून खिशात ठेवला.
सगळ्या गेल्यावर मी भांड्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्यांवर तिचंच नाव. अक्षर ताईचं.
मी त्या होत्या तशा घडी घालून ठेवून दिल्या.

१३ तारीख
चिमणीला ताप. लघवी काळ्या चहासारखी. आम्ही हे शिकलोय — मांस ठेचलं गेलं की किडनी जाते. ताईला सांगितलं. ती म्हणाली, आपण नर्स आहोत ना, आपण बघू. सलाईन लावलं, केस विंचरले, पेज भरवली. किती माया केली सगळ्यांनी!
आणि दोन वाजता तिला दोन्ही बाजूंनी काखेत धरून उभं केलं.
मी डावीकडून धरलं होतं.

१४ तारीख
चिमणी गेली. जिन्यावरून पडली असं सांगायचं ठरलं. आम्हीच तिला पुसलं, आम्हीच गुंडाळलं. पाठीला कुठे हात लावावा कळेना. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, काम नीट केलंत पोरींनो.
तिचे वडील आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पत्रात ती लिहायची, तू चांगली आहेस.
मी वाकून त्यांच्या पाया पडले.

१५ तारीख
आज सांगितलं. इनचार्ज सिस्टरांना, सगळं, माझ्यासकट. त्यांनी पाणी दिलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी पट्टा असायचा. तुम्ही फार लाडावलेल्या."
ड्रेसिंगच्या खोलीत बसवलंय. सगळं लिहून काढ म्हणाल्या. कुलूप बाहेरून.

दोन वाजले.
कुणीतरी नळ सोडलाय. टॉवेल पिळतायत — पाणी गळल्याचा आवाज —
ट्रेमध्ये कात्री आहे. घेतली. आत येईल तिच्या गळ्यात, सरळ. विचार नाही करायचा.
कुलूप उघडलं.
ताई पुढे नाही. त्यांनी पुढे ढकललीय ती — काल चिमणीच्या खाटेवर आलेली नवी मुलगी. टॉवेल तिच्या हातात. मला विचारतेय, किती जोरात मारायचं असतं, आणि मी कात्री —