आखडता हात

मथुराआक्कांना शेंद्र्याहून द्वारकाचा नमस्कार.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आईच्या पायाला मलम लावताना तुझा हात आखडता असतो." मी व्हय म्हणले. लई थकले होते.

खाजून लाल झालेल्या त्या पायाला डॉक्टरीणबाईनं सौम्य मलम दिलं होतं. बोटाच्या पेरावर मावंल एवढंच घ्यायचं, दिवसातून एकदा पातळ लावायचं, आठवड्यानं थांबायचं. मी तसंच केलं अन् पाय निवला.

मग दिवाळीला तुम्ही आलात. पाय जरा खाजला, तर गुलमंडीच्या बाजारातून चिठ्ठीबिगर कडक मलम आणलंत, तेलासारखं चोळलंत, वरून लुगड्याची पट्टी गुंडाळलीत. जाताना आणखी चार ट्यूबा उशाशी ठेवल्यात. माझ्या माघारी आई रोज लावत राहिल्या. मी अडवलं, तर म्हणल्या, "लेकीनं मायेनं दिलंय."

आता कातडी कांद्याच्या पापुद्र्यावानी झालीय. परवा नुसती चादर घासली तरी रक्त आलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "एवढं कडक मलम कुणी लावलं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणल्या, "सुनेनं."

मी डॉक्टरीणबाईची बोलणी खाल्ली. रिक्षात त्यांनी माझा हात धरला. "मथुरीला कळू देऊ नको. ती रडंल अन् यायची बंद होईल. तुला किती बी बोललं, तरी तू उद्या पाय धुशीलच की."

आज सकाळी धुतले.

हे पत्र तुमच्याच ट्यूबांच्या रिकाम्या खोक्यात ठेवतेय.

तुमची भावजय,
द्वारका