ड्रायर गारच

२ ऑगस्ट, सकाळ
राहू गावी आमच्या घरी कपडे वाळवायचा ड्रायर पोचला. मी इथं शारजात बसून दौंडच्या दुकानातून पाठवला. बहीण तेजश्री बाळंतपणाला माहेरी आलीय, बाहेर झड लागलीय, बाळाची दुपटी वाळत न्हाईत. आई शेगडीवर टोपलं पालथं घालून त्यावर वाळवत होती. म्हणलं, शेगडी बंद. धूर बाळाला वाईट. घरात लाँड्री टेक्निशियन असताना शेगडी कशाला?

(टेक्निशियन हे घरी सांगितलेलं. हॉटेलच्या लाँड्रीत मी चादरींच्या घड्या घालतो. पण मशीन माझ्या पाठीमागंच हाय. शिकायला कितीसा वेळ लागतो.)

दुपार
आई-आबा बाहेर होते. तेजश्रीला व्हिडिओ कॉल करून मशीन मीच बसवलं. पाइप खिडकीतून उसाकडं काढला. उसातले उंदीर आत शिरतील म्हणून पाइपच्या तोंडाला युरियाची गोणी घट्ट बांधायला लावली. कंपनीवाल्यांना एवढं सुचलं न्हाई.

३ ऑगस्ट
आधी जरा गरम होतो, मग गार वारा. दुपटी ओलीच. नवीन मशीन हाय. रुळंल.

५ ऑगस्ट
रुळलं न्हाई. निदान: व्होल्टेज. फ्रिज, टीव्ही बंद करायला लावले. आबांनी कुस्त्या बघायच्या सोडल्या. कुणाचं ऐकत न्हाईत, माझं ऐकलं. फ्रिजमधलं दूध नासलं. ड्रायर गारच.

६ ऑगस्ट
जाळी साफ कर म्हणलं. तेजश्री म्हणाली, दादा, ती तर रोजच करते. मग सेन्सर म्हणलं. सेन्सर म्हणलं की समोरचा गप्प बसतो. तेवढ्यात मागनं सुपरवायझर ओरडला, "बातें कम, चादर ज़्यादा!" तेजश्रीनं विचारलं, कोण रं? म्हणलं, माझा हेल्पर.

८ ऑगस्ट
बाळ शिंकतंय. तेजश्री जुनी साडी फाडून दुपटी करतीय. आई विचारती, पेटवू का शेगडी? म्हणलं, दोन दिवस थांब, पार्ट शोधतोय.

आमच्या लाँड्रीत मशीन सांभाळणाऱ्या झिशानला विचारायचं ठरवलं. विचारलं की मला काही येत न्हाई हे त्याला कळणार. तसं ते त्याला माहीतच हाय. तरी न्हाई विचारलं.

९ ऑगस्ट
बाळाचं नाक चोंदलंय. दूध ओढताना रडतंय, फोनवर ऐकलं. उद्या झिशानला नक्की.

१० ऑगस्ट
झिशानची सुट्टी. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून लाज वाटली.

११ ऑगस्ट
ड्रायर गरम झाला!

मी काही केलं न्हाई. आई पावसात शेळ्यांकडं निघाली. डोक्यावर खोळ घ्यायला गोणी पाहिजे म्हणून तिनं पाइपची सोडून घेतली. गरम हवेला बाहेर पडायला वाट मिळाली. थोड्या वेळानं तेजश्रीनं ड्रायरचं दार उघडलं, तर दुपटी पापडासारखी.

आबांनी विचारलं, गोणी कुणी बांधली व्हती? मी व्हिडिओ कॉलवरच होतो. बोलायला तोंड उघडलं.

तेजश्री म्हणाली, "मीच, आबा. दादा नको म्हणत व्हता."

आबा म्हणाले, "आगं, टेक्निशियनचं ऐकावं माणसानं!" आन् शेजारच्या मारुतरावांना हाक मारून सांगाया लागले.  

आईनं आतून विचारलं, आता तरी शेगडी पेटवून बाळाला शेक देऊ का? माझी परवानगी मागत होती.

१२ ऑगस्ट
सकाळी तेजश्रीचा मेसेज.

"बाळाची सर्दी कमी हाय. दादा, कॉलवर बोलताना तुझे हात कवा थांबत न्हाईत. किती झाक घड्या घालतोस रं. घरी कुणाला बोलले न्हाई. दुपट्यांचा ढीग पडलाय, तेवढी घडी मात्र खरी खरी शिकव."

फोन पालथा ठेवला. चादरी घेतल्या. आज एकही घडी सरळ बसंना.

डबा खाताना फोन सुलटा केला. बरंच लिहिलं, सगळं खोडलं.

शेवटी एवढंच विचारलं: दुपटी चौकोनी हायत का तिकोनी?