तेविसावी सही

१९ सप्टेंबर २०१६, सोमवार

बावीस सह्या झाल्या. तेविसावी नाही!

ऑरेलकाकांनी जॅमची बरणी घेतली, कागद घेतला नाही. दारातच उभे. ‘बटाट्याची काढणी चालू आहे, ओडिल, मला वेळ नाही.’ मी म्हटलं, सही करायला असा किती वेळ लागतो? तर म्हणे, ‘करायची असती तर लागला नसता.’ आणि दार लोटलं. जॅम मात्र आत गेला.

अकरा वर्षं मी क्लबचं हे काम करतेय. आमची बर्फावरच्या गाड्यांची, स्नोमोबाईलची वाट ज्यांच्या जमिनीतून जाते त्या तेवीस घरी सप्टेंबरात जायचं, रास्पबेरी जॅमची बरणी द्यायची, ख्यालीखुशाली विचारायची आणि त्या हिवाळ्यापुरती परवानगी कागदावर घ्यायची. एक पैसा कुणी मागत नाही. पण एकाने नाही म्हटलं की संपलं, कारण क्लबची स्वतःची इंचभर जमीन नाही. ऑरेलकाकांनी तर आजवर कागद वाचलासुद्धा नव्हता. मी अंगणात शिरेपर्यंत त्यांचं पेन खिशातून बाहेर आलेलं असायचं.

काहीतरी बिनसलंय. काढणी संपली की परत जाईन.

२० सप्टेंबर

रोझेरला सांगितलं. तो ग्रूमरखाली आडवा पडून ग्रीस भरत होता. बर्फ दाबून वाट सपाट करणारं ते क्लबचं धूड, तेच त्याचं खरं कुटुंब. मी आपली शेजारीण! खालूनच म्हणाला, ‘ऑरेल गेला तर वाट गेली.’ नवऱ्याला कमी बोलायची सवय आहे, पण बोलतो ते खरं असतं, हीच पंचाईत.

आणि खरंच आहे. गावातली वाट त्यांच्या शेतातून चढून जुन्या रेल्वेच्या बांधाला मिळते. रूळ केव्हाच उखडून नेले. आता हिवाळाभर त्या बांधावरून गाड्या धावतात, पार खालच्या शहरांतून आलेल्या. शेत बंद झालं की त्या आमच्याकडे उतरणारच नाहीत. सरळ पुढच्या गावी जातील. पेट्रोल तिथे, जेवण तिथे. मग आमच्या मिरेयच्या खानावळीत जेवायला कोण येणार – मी आणि तिचा बाप?

८ ऑक्टोबर, शनिवार

काढणी संपली. गेले.

या वेळी त्यांनी बोलायच्या आधी मला ट्रकमध्ये बसवलं आणि शेतावर नेलं. ‘बघ.’

बघितलं. वरच्या तुकड्यात क्लोव्हरचं गवत पेरलंय, हिरवंगार, आणि मधून घराएवढा रुंद पट्टा नुसता मातीचा. मार्चमध्ये बर्फ पातळ झालेला असताना कुणीतरी वाटेच्या खुणेच्या काठ्या सोडून आडव्या गाड्या घातल्या, गोल गोल फिरवल्या. मुळं गोठून मेली. खालच्या तुकड्यात बटाटा. तिथे कुणीतरी फेकलेला बिअरचा डबा काढणीच्या यंत्रात चेचला गेला आणि पत्र्याचे तुकडे बटाट्यांत मिसळले. गोदामवाल्यांनी आख्खा ट्रक परत पाठवला.

मी म्हटलं, ‘काका, ते बाहेरचे असणार. आपली मंडळी असं नाही करत.’

‘बाहेरचे असोत नाहीतर स्वर्गातले. तुमच्याच वाटेने आले ना?’

‘यंदा आम्ही दुप्पट काठ्या ठोकू. दोन्ही बाजूंनी दोरी बांधू. रोझेर स्वतः –’

‘एकतीस वर्षं दिली मी वाट,’ ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ‘एकोणऐंशी वर्षांचा आहे मी. आता दर सोमवारी डबे वेचत हिंडू? आणि तुझ्या घरामागून किती गाड्या जातात गं, ओडिल?’

मी ट्रककडे चालू लागले.

परत येताना स्वतःच्या घराचं वळण चुकले. एकसष्ट वर्षांची बाई, सत्तावीस वर्षं याच रस्त्यांवर शाळेची बस हाकलेली – आणि वळण चुकले!

९ ऑक्टोबर

इथे खोटं लिहून काय उपयोग. कोण वाचणार आहे.

आमच्या घरामागे माझ्या वडिलांचं रान आहे. देवदाराचं. त्यातून त्यांनी लाकडं ओढायला पाडलेली जुनी रुंद वाट आहे, ती थेट रेल्वेच्या बांधाला लागते. ऑरेलकाकांच्या शेतापेक्षा जवळची. अठरा वर्षांपूर्वी नॉर्मंड क्लबचा नुकताच अध्यक्ष झाला होता, तो विचारायला आला होता. टोपी हातात घेऊन. मी म्हटलं, ‘हिवाळ्यात तिथे हरणं बसतात, त्यांना त्रास होईल.’ तो म्हणाला, ‘बरोबर आहे, बरोबर आहे,’ आणि गेला.

हरणं होती तेव्हा. पण ते कारण नव्हतं. रोज साठ पोरांचा कालवा डोक्यावर घेऊन मी घरी यायचे. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी कॉफी घेऊन बसायचे आणि बाहेर काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. बर्फ पडत असला तर आणखीनच नाही. ती शांतता मला हवी होती. अजून हवी आहे. जगात मी दुसरं काय मागितलं?

पुढे रोझेर ग्रूमर चालवू लागला, मग मीही क्लबात ओढले गेले. आणि लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या खिडक्यांची शांतता मागायला लागले. जॅमची बरणी देऊन.

१५ ऑक्टोबर

मी, रोझेर आणि नॉर्मंड दुसरी वाट शोधत दिवसभर फिरलो. कागद बनवणाऱ्या कंपनीच्या जंगलातून जाता येईल, पण मध्ये घळ आहे, पूल बांधायला दोन उन्हाळे लागतील. टेकडीचा मालक बॉस्टनला असतो, तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही.

शेवटी ट्रकच्या बॉनेटवर नकाशा पसरला. नॉर्मंडचं बोट सगळीकडून फिरलं आणि माझ्या रानाला वळसा घालून पुढे गेलं. अठरा वर्षं ते असंच वळसा घालतंय. रोझेर आकाशाकडे बघत होता. ‘पाऊस येईल बहुतेक,’ म्हणाला. ढग नव्हता एकही.

२२ ऑक्टोबर, शनिवार

आज चर्चच्या हॉलमध्ये क्लबतर्फे जमीनवाल्यांचं जेवण. दरवर्षीप्रमाणे. जमिनीत पुरून रात्रभर शिजवलेल्या बीन्स, हॅम, आणि मिरेयने शंभरावर प्लॉय काढल्या – कुट्टूच्या पिठाच्या, एकाच बाजूने भाजलेल्या, धिरड्यांसारख्या जाळीदार.

ऑरेलकाका येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. आले! इस्त्रीचा शर्ट घालून. रांगेत उभे राहिले, ताट घेतलं, एका टोकाला बसले. शेजारी कुणी बसेना.

मागच्या टेबलावरून पेट्रोलपंपवाला लेओ मोठ्यांदा म्हणाला, ‘बीन्स वाढा हो त्यांना. गाव उपाशी मेलं तरी चालेल, ते जेवले पाहिजेत!’ दोघं-तिघं हसले.

काकांनी प्लॉयने ताट पुसून घेतलं, ती खाल्ली, ताट नेऊन धुवायच्या ढिगात ठेवलं. जाताना मिरेयला म्हणाले, ‘छान झाल्यात पोरी.’ गेले.

मी उठून उभं राहायला हवं होतं. म्हणायला हवं होतं – लेओ, तोंड आवर. या माणसाने एकतीस वर्षं दिलंय. तू काय दिलंस? मी काय दिलंय? मी कॉफी ओतत राहिले. लाज वाटते लिहिताना.

२३ ऑक्टोबर

चर्चमधून परस्पर काकांकडे गेले, माफी मागायला. ‘कसली माफी? बीन्समध्ये मीठ कमी होतं, त्याची?’ म्हणाले. कागदाचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही.

६ नोव्हेंबर

मिरेय बोलली. खानावळ बंद करून खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होती, मी फरशी पुसत होते.

‘आई, जानेवारीत गाड्या नाही आल्या तर मी कनेक्टिकटला जाते. तिकडे एका शाळेच्या कँटीनमध्ये जागा आहे.’

‘जानेवारी अजून लांब आहे.’

‘नाही गं. लांब नाही.’

आमच्या घरातलं कोण गेलं नाही कनेक्टिकटला! माझे दोन्ही भाऊ गेले, रोझेरची बहीण गेली. उन्हाळ्यात आठवडाभर येतात, नदीकाठी फोटो काढतात, पलीकडे कॅनडा म्हणून मुलांना दाखवतात. मिरेय एकटी राहिली होती.

तिने माझ्या रानाचं नाव एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

७ नोव्हेंबर

रोझेरशी भांडण. मीच सुरू केलं. म्हटलं, तुम्ही सगळे मनात काय म्हणताय ते मला कळत नाही असं समजू नका! तो बूट काढत होता. म्हणाला, ‘मी काही म्हटलं का?’

‘तेच तर! म्हण ना!’

‘बरं, म्हणतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.’ दुसरा बूट काढला. ‘पण रान तुझ्या बापाचं. तू नाही म्हणालीस तर मी तुझ्या बाजूने. नॉर्मंडसमोरही, मिरेयसमोरही.’

त्याने माझी बाजू घेतली म्हणून मला जास्त राग आला. जेवण करपलं ते वेगळंच.

२० नोव्हेंबर, रविवार

रानात जाऊन आले. एकटी. वीतभर बर्फ आहे. हरणांचा माग शोधला, तासभर. सशाचा दिसला, कोल्ह्याचा दिसला. हरणाचा एकही नाही. देवदार म्हातारे झाले, खालच्या फांद्या गेल्या, हरणांना खायला काही उरलं नाही. कधी गेली असतील? मी खिडकीत बसून असते आणि मला पत्ताही नाही.

जुन्या वाटेवरून घरापर्यंत पावलं मोजली. चाळीस. चाळीस पावलांवरून, दिवसाला शंभर-दीडशे गाड्या. शनिवारी तिप्पट.

नको. मला नाही जमणार.

१ डिसेंबर

अकरा इंच बर्फ.

३ डिसेंबर, शनिवार

नॉर्मंड येऊन गेला. येत्या शनिवारी, दहा तारखेला, क्लबची सभा. त्यात ठरवायचं. ठरवायचं काय, रेल्वेच्या बांधावर ‘गावाची वाट बंद’ अशी पाटी ठोकायची. पाटी रंगवून तयार आहे, त्याच्याच गॅरेजमध्ये वाळतेय. सांगताना त्याचे डोळे भरले. सत्तरीचा बाप्या! ‘ही वाट आम्ही कुऱ्हाडीने पाडली गं ओडिल, यंत्रं कुठे होती तेव्हा,’ म्हणाला. मी त्याला ॲपल पाय वाढला. त्याने अर्धा ताटात टाकला. नॉर्मंडने माझा ॲपल पाय टाकला असं आजवर झालेलं नाही.

जाताना दारात थांबला. वाटलं, आता विचारणार. तो म्हणाला, ‘तुझी पायरी बर्फाने निसरडी झालीय, मीठ टाक.’

६ डिसेंबर

रोझेर रोज ग्रूमर सुरू करतो, दहा मिनिटं चालू ठेवतो, बंद करतो. इंजिन थंडीत बसू नये म्हणून, असं सांगतो.

८ डिसेंबर, गुरुवार

सही केली.

दुपारी खिडकीशी बसले होते. बर्फ भुरभुरत होता. हवी तशी, पूर्ण शांतता. कॉफी गरम. आणि मला ती शांतता सहनच होईना! डोक्यात आपलं एकच – जानेवारीतही हे असंच असेल, फेब्रुवारीतही. मिरेय नसेल, खानावळीला कुलूप, लेओचा पंप बंद, रोझेर ग्रूमरला टेकून उभा. आणि मी इथे कॉफी घेऊन.

ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. हे कागद मीच छापून आणते, शब्द न् शब्द पाठ आहे. तरी आज पहिल्यांदा नीट वाचला. ‘मी, खाली सही करणार, माझ्या जमिनीतून...’ तेवीस जणांकडून अकरा वर्षं मी हे मागत होते, हसत हसत, जॅम देत, आणि मला वाटायचं सही म्हणजे नुसतं पेन टेकवणं. मग रडले. वडिलांसाठी, खिडकीसाठी, कशासाठी माहीत नाही. सही जरा वाकडी आली.

घडी करून पर्समध्ये ठेवलाय. परवा सभेत नॉर्मंडच्या हातात देईन. रोझेरलाही सांगितलं नाही. सांगितलं आणि उद्या सकाळी धीर खचला तर?

९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सहाला ऑरेलकाकांचा फोन. ‘मिरेय जायचं म्हणतेय. ती गेली तर मी दुपारी जेवू कुठे? ये कागद घेऊन, करतो सही. क्लोव्हर गेलं खड्ड्यात.’

रोझेर अंघोळीला गेला होता. शेगडी पेटलेली. पर्स हाताशी. त्यातला कागद माझ्याशिवाय कुणी पाहिलेला नव्हता.

‘नको काका,’ मी म्हटलं. ‘तुम्ही खूप वर्षं दिलीत. यंदा गाड्या माझ्या खिडकीखालून जाऊ देत.’