मंजुळेने मारायच्या हाका

मी खाली सही करणार अभिमन कौतिक बोरसे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा पूर्वी टीव्हीवर मरणे, सध्या घरी बसणे, राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. दडपण आहे ते भीतीचे, आणि भीती कोणी माणूस नव्हे. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सन १९९० मध्ये केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते ज्या एका माणसाच्या भरवशावर केले होते, तो नासीर टांगेवाला गेल्या महिन्यात वारला.

भीती अशी, की माझ्याच घरचे लोक मला जिवंत जाळतील. वाचणाऱ्याने हसू नये. आधी कारण ऐकावे.

सन १९८६ मध्ये मुंबईची मंडळी तापीकाठच्या घळींत टीव्हीची मालिका काढायला आली. इंग्रजी सिनेमात असतात तसे रुंद टोप्यांचे घोडेस्वार, कमरेला पिस्तुले आणि नुसती धूळ. घोडे नासीरने पुरवले आणि पडायला माणूस पाहिजे म्हणून त्याने मला कापसाच्या जिनिंगमधून उचलून नेले. आधी खांदा टेकायचा, मग कंबर, डोके कधीच नाही, हे त्यानेच शिकवले. तेरा भागांत मी एकवीस वेळा मेलो, दर वेळी वेगळ्या मिशीत. पापणीवर माशी बसली तरी मी हलत नसे. शॉट संपल्याचेही मला कळत नसे. मग नासीर घोडा घ्यायला यायचा आणि कानाशी म्हणायचा, "ऊठ रे अभिमन, घोडाले पानी पाजनं शे." तेव्हा मी उठायचो.

मालिका संपली, पण गावाने मला मारणे सोडले नाही. लग्नात गेलो की, "आबा, मरी दखाडा." मी तिथल्या तिथे मरायचो आणि टाळ्या घ्यायचो. घरीही मरायचो. आता त्याचेच भोगतो आहे.

कलम १. राहते घर, मागचा गोठा व पोस्टातली शिल्लक माझी पत्नी मंजुळाबाई हिला. तिच्याबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी आहेत, त्या लिहून मोकळा होतो. सन १९८८ च्या पोळ्याला मी ताटावर बसलो असता डावा हात गेला आणि मी आडवा झालो. मंजुळा तव्यापुढून म्हणाली, "उठा आते, नाटक पुरे. भाकर निवी ऱ्हायनी." मला बोलता येत नव्हते. तिने आणखी चार भाकरी केल्या. मग माझ्या तोंडाची लाळ पाहिली आणि तिच्या हातातून पीठ सांडले. माझा तो डावा हात अजून धड चालत नाही.

दुसरी गोष्ट १९९० ची. या वेळी मी खुर्चीतच थिजलो आणि तिने क्षणभरही नाटक मानले नाही. तिने हंबरडाच फोडला. कोणा कंपाउंडरने नाडी धरली, "संपलं" म्हटले. मला खाली घेतले. नाकात कापूस घातला. तोंडात सोडलेले गंगाजल घशात अडकले, ते गिळता येईना. मला सगळे ऐकू येत होते. आतून मी इतका ओरडलो, पण बोटाचे नखसुद्धा हलले नाही. मी नास्तिक नाही, पण त्या दिवशी देवाऐवजी नासीरची वाट पाहिली. तो आला, माझे पाय पाहिले आणि वाकून तेच बोलला. माझ्या डाव्या पायाचा अंगठा हलला. बाहेर तिरडीचे बांबू बांधून तयार होते.

एकदा खरा पडलो तर नाटक वाटले, एकदा जिवंत होतो तर मेला वाटलो. आता तिसऱ्या वेळी काय होईल, या धास्तीने मला झोप लागत नाही. दुपारी डोळा लागला तरी मी पाय हलवत ठेवतो.

कलम २. ते बांबू मी जपून ठेवले आहेत. ते माझा धाकटा भाऊ छगन यास द्यावेत. त्याने ते अर्ध्या तासात आणले होते, आणि मी खाली पडलेला असताना कपाटाची चावी विचारली होती. आवाज मी ओळखला. बाकी काही त्याला देऊ नये.

कलम ३. मालिकेची टोपी माझी मुलगी पुष्पा, राहणार चोपडा, हिला. कॅसेट मात्र कोणालाच नाही, ती फोडून टाकावी. मागल्या सुट्टीत ती पाहून तिची पोरे अंगणात मरून पडण्याचा खेळ खेळली. मी काठी घेऊन धावलो. पुष्पा म्हणाली, "आबा, खेळ शे तो." मला खेळ वाटला नाही.

कलम ४. माझ्याकडचे खोगीर नासीरचेच, ते त्याची बायको सकीना हिला परत जावे. नासीरला शेवटचे नेण्याआधी मी त्याच्याजवळ बसलो. त्याच्या घरच्यांची परवानगी घेऊन कानाशी बोललो, "ऊठ रे नासीर, घोडाले पानी पाजनं शे." बराच वेळ वाट पाहिली. कोणी मला हटकले नाही. मी घरी आलो आणि पहिल्यांदा कळले की आता मला उठवणारे कोणी नाही. त्या दिवसापासून हे मृत्युपत्र मनात लिहितो आहे.

कलम ५. हेच मुख्य. मी गेलो असे वाटल्यास कोणीही घाई करू नये, सूर्य मावळो की उगवो. नाकात कापूस नको, तोंडात पाणी नको. मंजुळाबाईने माझ्या कानाशी तीन हाका माराव्यात व छगन सोडून कोणीतरी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर नजर ठेवावी. शेवटच्या हाकेलाही अंगठा हलला नाही, तर मी खराच गेलो.

हे कलम मी मंजुळेला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती. नासीरचे घोड्याचे वाक्य म्हणशील का, असे विचारले. ती म्हणाली, "घोडं कोठे शे आते? मी भाकरनंच सांगसू." मग तिने डोळ्यांना पदर लावला. पुढची शेंग सोलत म्हणाली, "आनि तीन हाकामा तुम्ही कव्हय उठनात?"

खरे आहे. सबब वरील कलमातील 'तीन' हा शब्द रद्द समजून तेथे 'मंजुळेचे समाधान होईपर्यंत' असे वाचावे. या दुरुस्तीवर माझी वेगळी सही आहे.

ठिकाण : शिंदखेडा
दिनांक : १४ ऑक्टोबर १९९३
सही : अभिमन कौतिक बोरसे

साक्षीदार :
१. धनसिंग रूपसिंग गिरासे, शेजारी
२. कुंदाबाई माणिक देसले, शिक्षिका

वरील मजकूर अभिमन आबांनी आम्हा दोघांसमोर वाचला व आमच्यासमोर सही केली. त्या वेळी ते जिवंत होते, हे आम्ही त्यांच्या आग्रहावरून लिहून देतो.