ती जागा अजून रिकामी आहे

खटकचिंचोळी (ता. भालकी),
११ जून २०२५

मैत्रेयी,

तुला आठवत असेल, त्या सकाळी अंगण झाडून, सडा टाकून मी नातीची वेणी घालत होते. तू रस्त्यावरूनच हाक दिलीस, "अक्का, सोनूला पाठवा." अंगणवाडीची मदतनीस म्हणून घरोघरची पोरं गोळा करायचं काम तुला लागून आठवडाच झाला होता. तू पायरी चढली नाहीस. मीही ये म्हटलं नाही.

तुला जयभीम. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आम्ही बरे आहोत. हे गेल्याला सात वर्षं होतील. खताच्या पोत्यांवरची कन्नड-मराठी अक्षरं जुळवत मी लिहावाचायला शिकले, तेवढं यांना सांगायचं राहिलं.

आता बातमी! सोमवारी अंगणवाडीच्या भिंतीवरचा सरकारी कन्नड कागद मी स्वतः वाचला. दोनदा वाचला! तुझी ती मदतनिसाची जागा भरायची आहे, आणि या खेपेला कायमची! अर्ज वीस तारखेपर्यंत, विधवांना आधी. मी पळतच घरी आले.

"वैनी, पळत कामून यायलाव?" धाकटे दीर अंकुशराव म्हणाले.

"मदतनिसाची जागा निघालीय. अर्ज टाकते."

"पेन्शन येतंय की! आपल्या घरची बाई गल्लीनं पोरं गोळा करत हिंडणार व्हय? मी तोंड कुठं दाखवू?"

"नका दाखवू. तुम्ही बसा घरात, मी हिंडते."

"न्हाई म्हंजे न्हाई."

विधवा पेन्शन आपण दोघी एकाच रांगेत उभं राहून घ्यायचो. मला माझ्याच दारात अडवलं. तुला तर गावातल्या प्रत्येक दारात.

तुझ्या हातची खिचडी खाऊन पोरं आजारी पडली, असं लोक बोलले. पोरं येईनात, तुझं काम गेलं, तू उदगीरला भावाकडे निघून गेलीस. सोनूला ताप आला असं सांगत ते पहिल्यांदा मीच बोलले होते. सोनूला ताप आलाच नव्हता. ती जागा मला हवी होती, मिळाली तुला. बोलायला तुझी जात आयती सापडली.

माफ कर म्हणत नाही. रागानं ये, पण वीस तारखेच्या आत ये. शाळेचा दाखला आण. मी अर्ज टाकत नाही. दिरांच्या धाकानं नाही, ती जागा तुझी होती म्हणून.

कागद वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भालकीला गेले आणि अंगणवाडीच्या कार्यालयातल्या मॅडमसमोर लिहून दिलं, की मी खोटं बोलले होते.

तू अक्का म्हणायचीस ती,
नागूबाई